दुहेरी कुलूप

आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी भिंतीला बोल्टने पक्की केलेली होती. वरच्या बाजूला लिफाफा सरकेल एवढी फट, समोर कुलूप, कुलपावर कापडाची पट्टी आणि पट्टीवर लाखेची मोहोर. मी 1989 साली यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका पंचायत समितीत बांधकामाच्या टेबलावर रुजू झालो, तेव्हापासून ती पेटी मी रोज पाहत आलो. निविदा उघडण्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता मोहोर तुटायची, कुलूप निघायचे आणि सर्वांच्या देखत लिफाफे मोजले जायचे. त्या पेटीविषयी माझी आजही काही तक्रार नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिच्यातला लिफाफा चोरीला गेल्याचे किंवा बदलला गेल्याचे मी पाहिले नाही.

खोट होती ती पेटीपासून दहा पावलांवर, कोरे निविदा अर्ज विकणाऱ्या खिडकीत. अर्ज घ्यायचा तर रोखपालाकडे रक्कम भरून पावती फाडावी लागे, आणि पावती फाडली की अर्ज कोणी नेला हे पावतीपुस्तकात उतरत असे. ते नाव संध्याकाळच्या आत बाहेरच्या चहाच्या टपरीवर पोहोचलेले असायचे. मग ज्याने अर्ज नेला त्याच्या घरी रात्री दोघे-तिघे जात, गोडीत बोलत, पुढच्या कामाचा शब्द देत आणि हे काम ‘सोडून’ द्यायला सांगत. बहुतेक जण सोडत असत. कामाच्या नावापुढे तीन लिफाफे यायचे, त्यांतला एक खरा आणि दोन ‘सपोर्ट’चे, आणि दर अंदाजपत्रकाच्या अगदी जवळचा. निविदेची सूचना वर्तमानपत्रात छापून येत असे हे खरे, पण ती अशा पत्रात येई की त्या दिवशीचे तालुक्याला आलेले मोजके अंक सकाळीच कोणीतरी उचलून नेत असे. कागदोपत्री सगळे नियमात होते. मी स्वतः तुलनात्मक तक्ते तयार केले आहेत, त्यांवर लाल शाईने सर्वांत कमी दराभोवती वर्तुळ काढले आहे, आणि ते वर्तुळ काढताना तिन्ही दर एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलेले आहेत हे मला अक्षरावरून कळत असे.

हे सगळे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या, आणि ज्या समितीच्या शिफारशींवर ही रचना आधारली तिचे अध्यक्ष आमच्याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक होते, याचा इकडच्या माणसाला अभिमान आहे. गावाच्या कामाचा पैसा गावाजवळ यावा, हा त्यामागचा हेतू. पैसा जवळ आला, त्याबरोबर ओळखीही जवळ आल्या. ज्याचे लिफाफे उघडायचे तो माणूस आपल्याच वेटाळातला, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवलेलो, अशा ठिकाणी निविदेची गुप्तता टिकवणे कायद्याच्या भाषेत लिहिण्याइतके सोपे नसते.

ई-निविदा आमच्याकडे आली तेव्हा ‘ऑनलाइन’ या शब्दापलीकडे आम्हाला फारसे काही ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, पन्नास माणसांसाठी आठ संगणक होते आणि त्यांतले पाच चालत होते. परंतु त्या दिवशी शिकवणाऱ्या तरुणाने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या ज्या प्रणालीवर राज्याचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ चालते, तिच्यात निविदा भरणाऱ्याचा दर त्याच्या संगणकावरच सांकेतिक रूपात बदलला जातो आणि तो ठरलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्यांशिवाय उलगडत नाही. निविदा प्रसिद्ध करतानाच उघडणाऱ्यांची नावे नेमून द्यावी लागतात. साधारणपणे चार नावे देतात आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय लिफाफा उघडत नाही. चार कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, एखाद्याची बदली होते, एखादा रजेवर जातो, एखाद्याची किल्ली बिघडते, म्हणून चार. आणि दोन कशासाठी, याचे उत्तर मला विचारावे लागले नाही.

ते उत्तर मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या उपकोषागारात मिळाले होते. तिथल्या जाड दाराच्या खोलीला दोन कुलपे असत आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात. एक आला नाही तर दुसरा कितीही वरचा असो, दार उघडत नसे. तिथला म्हातारा शिपाई मला म्हणाला होता, “एकट्याच्या हाती सारं देऊ नये बाबू, एवढीच गोष्ट हाये. चांगल्या मानसाच्या हाती तं मुळीच नाई, त्याले तरास होते.” दुहेरी कुलपाची ती जुनी रीत कोणीतरी संगणकात उतरवली आहे, हे त्या प्रशिक्षणाच्या खोलीत माझ्या लक्षात आले आणि या नव्या व्यवस्थेविषयी माझ्या मनात खरोखर आपुलकी निर्माण झाली.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे मात्र फार कष्टाची गेली. प्रणालीला जावा नावाचे सॉफ्टवेअर लागे, ते एका ठरावीक आवृत्तीचे लागे, आणि संगणक आपोआप अद्ययावत झाला की दुसऱ्या दिवशी डिजिटल स्वाक्षरी दिसेनाशी होई. दुपारी भारनियमन, वीज आली तर नेट नाही, आणि पावसाळ्यात टॉवरच बंद. एकदा एका पाझर तलावाच्या दुरुस्तीच्या निविदेची मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती आणि शुद्धिपत्रक त्याआधी चढवणे भाग होते. मी आणि आमचे कनिष्ठ अभियंता मोटारसायकलवर लॅपटॉप घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो आणि एका धाब्याच्या खाटेवर बसून मोबाइलच्या जोडणीवर ते काम केले. प्रणालीत वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात. पाच वाजून एक सेकंद झाला की साहेबही काही करू शकत नाहीत आणि पालकमंत्रीही. ज्या कार्यालयात ‘थोडं थांबा, लिफाफा येऊन रायला’ या एका वाक्यावर अर्धा तास वाढत असे, तिथे घड्याळाचा हा कठोरपणा मला न्यायाचा वाटत होता.

पण तोच कठोरपणा एका माणसाच्या वाट्याला आला तेव्हा मी गप्प झालो. आमच्या भागातील एका मजूर सहकारी संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादाजी म्हणत, गवंडीकामात आयुष्य गेलेले. तेव्हा ठरावीक मर्यादेपर्यंतची कामे 33 टक्के मजूर संस्थांना, 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि 34 टक्के खुल्या स्पर्धेला अशी वाटली जात. त्या वाटपावर दादाजींच्या संस्थेची पन्नास-साठ घरे जगत असत. निविदा ऑनलाइन झाली आणि खिडकीवर आपले नाव कोणाला कळणार नाही असे ऐकल्यावर त्यांनी प्रथमच एका खुल्या कामाला हात घालायचे ठरवले. अंगणवाडीच्या इमारतीचे काम होते. त्यांनी डिजिटल स्वाक्षरी काढली, बयाणा रक्कम भरली, तालुक्याच्या एका सेवा केंद्रात बसून कागद चढवले. केंद्रातल्या मुलाने दरपत्रकाची एक्सेल फाइल नीट ओळखू यावी म्हणून तिला संस्थेचे नाव दिले. मूळ फाइलचे नाव बदललेले त्या प्रणालीला चालत नाही. दादाजींचा दर आत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात फाइल, अंगात धुतलेला सदरा. “साहेब, म्या भाव बरोबर भरला होता नं? मंग चुकी काहाची झाली?” मी त्यांना समजावून सांगितले. फाइलचे नाव बदलल्याने अंगणवाडीच्या भिंतीत काय फरक पडणार होता, हे त्यांनी मला विचारले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होते. चहाच्या टपरीवरच्या माणसांनी त्यांना अडवले असते तर त्यांना राग तरी आला असता. या वेळी त्यांना कोणी अडवलेच नव्हते, आणि आपलेच काहीतरी चुकले असे मानून ते निघून गेले. आम्ही निविदेच्या सूचनेत पानभर अटी लिहीत होतो, त्यांत ‘फाइलचे नाव बदलू नये’ एवढे एक वाक्य ठळक मराठीत लिहिले असते तर बरे झाले असते. पुढच्या निविदेपासून मी ते लिहू लागलो. दादाजींनी मात्र नंतर खुली निविदा भरली नाही.

या व्यवस्थेने नेमके काय साधले, हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेला नाही. आमच्या टेबलावर तर बदल लगेच दिसला. तीनऐवजी सात-आठ निविदा येऊ लागल्या, यवतमाळ-वर्ध्याकडची नावे दिसू लागली, आणि अंदाजपत्रकापेक्षा वीस-वीस, पंचवीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ दर येऊ लागले. एवढ्या कमी दरात हा माणूस खडी कुठून आणणार, या चिंतेने मी तक्त्याकडे पाहत बसायचो. पुढे अशा फार कमी दरांवर अतिरिक्त अनामत घेण्याची अट आली. मग निवृत्तीच्या आसपास भारत आणि इंडोनेशियातील सार्वजनिक कामांवर झालेला, 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. आपल्याकडचा भाग प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर होता. अर्थतज्ज्ञांनी असे दाखवले की ई-निविदेमुळे सरकारने मोजलेली किंमत कमी झाल्याचे दिसले नाही. भारतात रस्त्यांचा दर्जा मात्र सुधारला, इंडोनेशियात कामे वेळेत होण्याचे प्रमाण वाढले, आणि दोन्हीकडे काम मिळणाऱ्यांत बाहेरच्या भागातील कंत्राटदार अधिक आढळले.

मी तो निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचला. आम्ही सारी वर्षे पैसे वाचले का, एवढेच मोजत होतो. अहवालात रकाना होता ‘झालेली बचत’, आणि अंदाजपत्रकातून निविदेचा दर वजा करून जो आकडा येई तो आम्ही त्यात लिहीत होतो. दार अधिक लोकांना उघडले की अधिक चांगला करणारा आत येऊ शकतो, हा लाभ मोजायला रकानाच नव्हता. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद, तेव्हा आंध्र प्रदेशात, आणि त्या राज्याने 2003 पासूनच ई-निविदेची सुरुवात केली होती. नदीच्या त्या काठावर काम करणारी आमच्याकडची माणसे तिथली पद्धत सांगायची तेव्हा आम्ही ती मोठ्या शहरातली गोष्ट समजून सोडून देत होतो. दक्षिण कोरियाने तर 2002 मध्येच साऱ्या देशाची सरकारी खरेदी एका जाळ्यावर आणली होती. आपण उशिरा आलो याचे मला वाईट वाटत नाही. आल्यावर आपण मोजले काय, याचे वाटते.

आता जे लिहायचे आहे ते मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. ज्या दुहेरी कुलपाचे मला एवढे कौतुक होते, ते मी स्वतः कित्येकदा एकट्याने उघडले. आमचे एक साहेब आठवड्यातून तीन दिवस जिल्ह्याच्या बैठकांना असत. त्यांनी आपला डोंगल, म्हणजे डिजिटल किल्ली ज्यात असते ते संगणकाला लावायचे बोटभर उपकरण, माझ्या खणात ठेवला होता आणि त्याचा पासवर्ड मला सांगितला होता. दुसऱ्या अधिकाऱ्यांचा डोंगलही तिथेच असे, कारण त्यांना संगणकाची सवय नव्हती. निविदा उघडण्याची वेळ झाली की मी एक डोंगल लावत असे, पासवर्ड टाकत असे, तो काढून दुसरा लावत असे. पडद्यावर दोन अधिकाऱ्यांनी लिफाफा उघडला अशी नोंद होई. खोलीत मी एकटाच असे. मी कधी काही गैर केले नाही, एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे असे मी समजत होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 42 नुसार स्वाक्षरीची किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे हे ती ज्याच्या नावावर आहे त्याचे कर्तव्य आहे. हे कलम मला ठाऊक होते. तरी मी साहेबांना डोंगल परत घ्या असे एकदाही म्हणालो नाही, कारण काम अडले असते आणि अडलेल्या कामाचा जाब मलाच विचारला गेला असता. म्हाताऱ्या शिपायाचे बोलणे मी अर्धेच ऐकले होते. चांगल्या माणसाच्या हाती सगळे दिले की त्याला त्रास होतो, हे त्याने सांगितले होते. तो त्रास म्हणजे काय, हे आज मला कळते. उद्या कोणी त्या निविदांपैकी एखादीवर बोट ठेवले, तर माझ्या एकट्याच्या शब्दाशिवाय माझ्याकडे दुसरे काही नाही.

हीच गोष्ट आता ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून खर्च करावा लागतो. ती 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. देयक अदा करताना एक स्वाक्षरी ग्रामसेवकाची, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि दुसरी सरपंचाची लागते. पुन्हा दुहेरी कुलूप. पुढे 24 एप्रिल 2023 रोजी ही प्रणाली शासनाच्या जेम या ई-बाजारपेठेशी जोडली गेली. ही बाजारपेठ 9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाली होती. आता आमच्या तांड्यावरचा सरपंच दिल्लीच्या विक्रेत्याकडून पथदिवे मागवू शकतो. भाव पाहता येतात, तुलना करता येते, आणि तालुक्याच्या दुकानदाराने तीन वेगवेगळ्या नावांची दरपत्रके स्वतःच आणून द्यायची, हा प्रकार कमी होतो. हे चांगले आहे. पण दिवा चार महिन्यांत बंद पडला तर दिल्लीचा माणूस येत नाही, आणि हमीपत्र कोणाच्या ईमेलवर आले होते हे गावात कोणालाच आठवत नाही. जुना दुकानदार निदान शिव्या ऐकून घ्यायला दुकानात असे. ऑनलाइन खरेदी म्हणजे दूरची खरेदीच, असे काही नाही. प्रणालीत जवळचा विक्रेताही नोंदणी करू शकतो. तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन विजेच्या सामानाच्या दुकानदारांना नोंदणी शिकवणारे मात्र कोणी मला भेटले नाही.

खरेदी इलेक्ट्रॉनिक करणे आणि खरेदी एका जागी गोळा करणे, या दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. 2024-25 मध्ये शाळांच्या गणवेशाचे तसेच झाले. कापड राज्यपातळीवर एकत्र घेतले, शिवणाचे काम बचत गटांकडे दिले, गणवेश कितीतरी शाळांत उशिरा पोहोचले, आणि वर्ष संपण्याच्या आत खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना देण्याचा निर्णय झाला. दोष संगणकाचा नव्हता. माप घेणारा आणि कापड घेणारा यांच्यातले अंतर वाढवले गेले होते.

मागच्या पोळ्यानंतर आमच्या जवळच्या एका गावच्या सरपंचताई माझ्याकडे आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, दहावीपर्यंत शिकलेल्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या. लेखापरीक्षणात त्यांच्या गावाच्या एका देयकावर आक्षेप निघाला होता. नालीचे काम अर्धे झालेले आणि पैसे पूर्ण गेलेले. “काका, सही माही आहे म्हणतेत. मी तं केलीच नाई.” डोंगल कुठे असतो, असे मी विचारले. तो ग्रामपंचायतीच्या कपाटात संगणक परिचालकाकडे असतो, पिन त्याच्याच डायरीत लिहिलेला आहे, आणि मोबाइलवर ओटीपी आला तर तो त्यांचे पती फोनवरून सांगतात, असे त्या म्हणाल्या. त्यांनी डोंगल शेवटचा कधी पाहिला, हे त्यांना आठवत नव्हते. निवडून आल्यावर बोटांचे ठसे आणि आधार घेऊन तो काढून दिला तेव्हा एकदा हातात घेतला होता.

मी त्यांना काय सांगणार होतो? माझ्या खणात दोन डोंगल होते, हे मी आणि ते दोन अधिकारी यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. तरी मी त्यांना ते सगळे सांगितले, साहेबांचे नाव वगळून. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “मंग आता परत मागतला तं देतील का ते मले?” मी म्हणालो, तो तुमच्या नावाचा आहे, मागायचे काय त्यात? पण त्यांचा प्रश्न किती खरा आहे हे मलाही कळत होते.

आम्ही दुसऱ्या दिवशी मिळून गेलो. परिचालक मुलगा भला होता. मानधन वेळेवर मिळत नसतानाही त्याने सारे गाव त्या एका संगणकावर तोलून धरले होते. त्याने कुरकुर न करता डोंगल काढून दिला, उलट त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे दिसले. मी त्यांना पिन बदलायला सांगितला. त्यांनी मला आणि त्या मुलाला बाहेर जायला सांगितले. आम्ही दोघे ओट्यावर जाऊन उभे राहिलो. आत बराच वेळ लागला, दोनदा त्यांनी आतूनच विचारले की आता कोणते बटण, आणि मुलाने दाराबाहेरूनच उत्तर दिले.

त्या दिवशी एक देयक प्रलंबित होते, शाळेच्या हातपंपाच्या दुरुस्तीचे. पती फोन करत होते, दुरुस्ती करणारा माणूस ओट्यावर उन्हात बसला होता. ताईंनी डोंगल संगणकाला लावला नाही. पदर खोचून त्या शाळेकडे निघाल्या, हातपंपाचा दांडा दोनदा, तीनदा, दहादा खाली ओढला, पाणी येईपर्यंत. मग परत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि परिचालकाला म्हणाल्या, “आता दाखव, सही कुठं करा लागते?”